चौथ्या कोपऱ्याचा घास

बोर्डिंगातल्या माझ्या खाटेवरची वाकळ, म्हणजे गोधडी, पाहून मुली विचारतात, "ही कसली गं? नुसती मळकट पांढरी? एक तरी फूल लावायचं." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायला गेले की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहून काढते आहे. कागदावर तरी मधेच कुणी बोलणार नाही.

आम्ही भालकीचे. अप्पा गुळाच्या अडतीवर हमाली करतात. आईला आम्ही अव्वा म्हणतो. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. अव्वा रागावते कानडीत आणि समजूत घालते मराठीत. माझ्या आधी आमच्या घरात चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी सुरुवातीची वर्षं उर्दूत शिकले, मग राज्य बदललं आणि तीच गणितं मराठीत करू लागले. मॅट्रिक झाले तेव्हा गुलबर्ग्याच्या कॉलेजात जायचं ठरलं. ठरलं म्हणजे अव्वानं ठरवलं. अप्पा "बघू" म्हणाले, आणि अप्पांचं "बघू" म्हणजे निम्मा होकार असतो.

बोर्डिंगचा छापील कागद आला. त्यात लिहिलं होतं की अंथरूण-पांघरूण जिचं तिनं आणावं, आणि चालचलणुकीच्या दाखल्यावर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यावी. प्रतिष्ठित माणूस म्हणजे वकीलसाहेब, यात आम्हाला कुणालाच शंका वाटली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर होतं. अव्वा त्यांच्याकडे सणाला, कार्याला कामाला जायची. अप्पांनी दोन्ही हातांनी धरून तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि आम्ही वाट पाहू लागलो.

त्याच उन्हाळ्यात वकीलसाहेबांच्या मुलीचं लग्न झालं होतं. अव्वा महिनाभर तिथं राबली. दळण, कांडण, शेवया, पापड, नंतर भांडी. लग्न पार पडल्यावर वकिलीणबाईंनी तिला जुनेर दिलं. जुनेर म्हणजे वापरून विटलेलं कापड, काम करणाऱ्या बाईला द्यायचं. त्या वर्षी त्यांच्या दिवाणखान्याची बैठक मोडून खुर्च्या आल्या होत्या. पूर्वीच्या राज्यातले साहेब गादीवर लोडाला टेकून बसत, नवे साहेब खुर्चीवर बसत. म्हणून लोडांचे अभ्रे निघाले, हिरव्या छिटाचे दारांचे पडदे निघाले, दोन पलंगपोस निघाले आणि एक भलंमोठं लाल दस्तरखान निघालं, पाहुण्यांच्या जेवणाला अंथरायचं. त्याच्या काठावर उर्दू अक्षरं छापलेली होती. मला ती वाचता येत होती. अन्न दिल्याबद्दल देवाचे आभार, अशा अर्थाचं काहीतरी होतं. एका अभ्र्यावर साहेबांच्या दौतीचा शाईचा डाग होता, आणि दस्तरखानावर रश्शाचे डाग किती होते ते सांगण्यात अर्थ नाही.

"घेऊन जा गं," बाई म्हणाल्या. "पोतेऱ्याला तरी होईल."

मी तिथंच उभी होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

अव्वानं ते बोचकं घरी आणलं, सोड्यात भिजत घातलं, विहिरीवर तीन वेळा धुतलं. शाई गेली नाही. कडक वाळवून तिनं सगळं अंगणात पसरलं आणि बराच वेळ नुसती बघत बसली. मग म्हणाली, "तुझी वाकळ."

शेजारच्या खाला मदतीला आल्या. खाला म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या मावशीच, फक्त त्या दखनी बोलतात. त्यांचा हात टाक्याला फार बारीक आहे. मी कॉलेजात जाणार म्हणून त्या मला "मास्तरनी" म्हणायच्या.

"क्या गे मास्तरनी, सुई में धागा तो डालना आता ना? के वो बी किताब में देखना पड़ता?"

"येतंय तिला," अव्वा म्हणाली, "पण डोळे मिटून घालतीय. तीनदा चुकलीय."

वाकळीच्या पोटात घरचंच घातलं. अव्वाची दोन विरलेली, धुऊन धुऊन पांढरी पडलेली लुगडी, अप्पांचं धोतर, माझा लहानपणचा तसाच विटलेला एक परकर. वरच्या अंगाला दस्तरखानाचा लाल चौकोन मधोमध, भोवती हिरव्या छिटाच्या पट्ट्या, कडेला अभ्र्यांचा पांढरा. खालच्या अंगाला पलंगपोस. शाईचा डाग कुठं घ्यावा यावर दोघींचं भांडण झालं. खालांचं म्हणणं तो पायाशी घ्यावा, अव्वा म्हणाली उशाशी, "शिकणारीच्या डोक्याखाली शाई असावी." उर्दू अक्षरांची पट्टी मात्र खालांनीच लावली, सरळ आणि वाचता येईल अशी. चारी बाजूंना पाट्याचा दगड, वरवंटा, पाण्याची घागर, जातं असं वजन ठेवून कापड ताणलं आणि कडेकडेनं धावदोरा घालत आम्ही तिघी आत आत सरकत गेलो. सोळा दिवस लागले. माझा टाका मोठा पडायचा. अव्वा काही न बोलता तो उसवून परत घालायची.

आता मला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वाकळ शिवून झाली म्हणजे झाली असं आमच्याकडे नसतं. तिला जेवू घालावं लागतं. चारी कोपऱ्यांवर एकेक त्रिकोणी ठिगळ बसवतात आणि ते बंद करण्याआधी आत भाकरीचा चुरा आणि चार दाणे जोंधळ्याचे ठेवतात. याला घास म्हणतात. चारी कोपऱ्यांना घास मिळाला की मग ती वाकळ, मग तिच्यावर झोपायचं. ज्याच्यासाठी शिवली त्याची ती होते. तोपर्यंत ती उपाशी, आणि उपाशी वाकळीवर कुणी पाठ टेकत नाही. आमच्या घरात आणखी एक आहे, चौथा घास सोमवारीच घालायचा. सोमवार शिवाचा.

तीन कोपरे बुधवारी झाले. चौथा अव्वानं सोमवारसाठी ठेवला. अंगणातली धूळ आणि आमच्या हातांचा घाम लागलेला म्हणून गुरुवारी तिनं वाकळ रस्त्याकडच्या भिंतीवर उन्हात टाकली.

नेमक्या त्याच दिवशी हैदराबादच्या एका मोठ्या साहेबांची बायको वकिलीणबाईंबरोबर टांग्यातून गेली. त्या साहेबांकडं वकीलसाहेबांचं काही काम अडलं होतं म्हणे. टांगा आमच्या भिंतीशी थांबला. त्या पाहुण्या बाईंनी खाली उतरून वाकळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, अशी वस्तू माझ्या खोलीत किती शोभेल. अव्वा दारात उभी होती. तिला वाटलं आपलं कौतुक झालं. रात्री जेवताना तिनं ते दोनदा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी वकिलीणबाई स्वतः आल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या अंगणात पहिल्यांदाच आल्या. अव्वानं घोंगडी अंथरली, पण त्या बसल्या नाहीत. खाला आणि मी जोंधळे निवडत होतो.

"छान शिवलीस की गं," बाई म्हणाल्या.

"पोरीसाठी हाय अक्का. गुलबर्ग्याला जायलीय न्हवं."

"पोरीला दुसरी शीव. ही मला पाहिजे. काल आलेल्या बाईंचा जीव बसलाय हिच्यावर. मी त्यांना शब्द दिलाय."

अव्वाला आधी कळलंच नाही. मग ती हळू म्हणाली, "अक्का, ते तर तुम्ही जुनेर दिलं व्हतं."

"दिलं, व्हय. पोतेऱ्याला म्हणून दिलं. मला काय ठावं तू त्याचं असलं काही करशील?"

हे वाक्य मला आजही गिळता येत नाही. त्या कापडाचं पोतेरं करून आम्ही फरशी पुसली असती तर ते आमचं. त्यावर सोळा दिवस पाठ मोडली, ते बघण्यासारखं झालं, म्हणून ते त्यांचं! वाईट झालं असतं तर कुणीही ते परत मागायला आलं नसतं. आम्हाला चांगलं करता आलं, एवढाच आमचा गुन्हा होता.

"आता ती पोरीच्या नावाची वाकळ झालीय, अक्का," अव्वा म्हणाली.

"वाकळ झाली कुठं?" बाई भिंतीशी गेल्या आणि त्यांनी एकेक कोपरा उलटून पाहिला. "हा एक, हा दोन, हा तीन. चौथा उपाशीच हाय की. मला नको शिकवूस, मी कोहिनूर गावची लेक हाय, आमच्यातबी हीच रीत. चार घास खाल्ल्याबिगर वाकळ न्हाई. तोवर ते कापड. आन् कापड कुणाचं?"

खाला सुपातून मान वर न करता पुटपुटल्या, "अगे माँ, क्या वकालत! साहब से बी बड़ी निकली ये तो."

बाईंनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. जाताना दारात थांबून अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या, "पोरीचा कागद साहेबांच्या टेबलावर हाय. आज सांजच्याला सह्या करायला बसतील. पोरीच्याच हाती पाठव वाकळ. येताना कागद घेऊन येईल."

त्या गेल्यावर अव्वानं अंथरलेली घोंगडी झटकून गुंडाळली. अप्पा दुपारच्या भाकरीला आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं चालंल? द्यावी लागंल."

आणि आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही. मीही तेच म्हणाले. "अव्वा, देऊन टाकू," असं मी म्हणाले, "सही तरी मिळंल." माझ्या डोळ्यांपुढं फक्त कॉलेज होतं. सोळा दिवस मला दिसले नाहीत. त्या बाईंवरचा माझा राग खरा आहे, पण त्यातला काही भाग माझ्यावरचा आहे, आणि तो कुणाला दाखवता येत नाही म्हणूनही मी बाईंवर जास्त ओरडते की काय, कोण जाणे.

 "सोमवारची वाट कामून बघितली मी?" अव्वा स्वतःशीच म्हणाली. मग उठली, भिंतीवरची वाकळ काढली, अंगणात पालथी घातली आणि कडेची गाठ दातानं तोडली.

"काय करायलीस?" अप्पा दचकून म्हणाले.

"त्या काय म्हणाल्या? वाकळ झालीच न्हाई, कापडच हाय. कापड त्यांचं. मग कापड देऊ त्यांचं त्यांना. टाके माझे हायत. दोरा माझा. पोटातली लुगडी माझी."

अप्पा तांब्याभर पाणी पिऊन अडतीवर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "बघू."

खाला पदर खोचून समोर बसल्या. "सीने को बी बुलाती, उधेड़ने को बी बुलाती. मजूरी क्या देगी मेरे को?"

"च्या."

"शक्कर का?"

"गुळाचा. साखर काय तुझा सासरा ठेवून गेलाय व्हय?"

दोघी हसल्या. मला मात्र हसू येईना. शिवायला सोळा दिवस लागले आणि उसवायला एक दुपार लागली. अव्वा टाका ओढून दोरा काडीला गुंडाळत होती. निम्मा तुटला, निम्मा वाचला. तिन्ही कोपऱ्यांतले घास तिनं स्वतः सोडवले. भाकरीचा चुरा चिमण्यांना टाकला आणि जोंधळ्याचे दाणे पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. माझे मोठे टाके सगळ्यात आधी निघाले.

शेवटी एका बाजूला लाल, हिरव्या, पांढऱ्या तुकड्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला आमची मळकट लुगडी राहिली. अव्वानं तांब्यात निखारे घेतले आणि एकेका तुकड्यावर फिरवून इस्त्री केली. सुईची भोकं गेली नाहीत. कापडाला चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पडलेली होती, ओळीत. मग ज्या बोचक्यातून ते आलं होतं त्याच फडक्यात तिनं ते बांधलं आणि मला म्हणाली, "चल."

संध्याकाळी वकीलसाहेबांच्या ओसरीवर बाईंनी बोचकं सोडलं. वरचा तुकडा उचलला, त्याखालचा उचलला.

"हे काय?"

"तुमचं कापड, अक्का. धुतलंय, कडक केलंय. पोतेऱ्याला होईल."

अव्वाच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना ओरडता तरी आलं असतं. त्यांचा चेहरा लाल झाला. आत टेबलापाशी साहेब बसलेले दिसत होते. ते कागदातून मान वर काढत नव्हते, पण पानही उलटत नव्हते.

"साहेबांना आज येळ न्हाई," बाई म्हणाल्या. "उद्याबी न्हाई."

 तरी मी आत गेले. त्या घरात मी उंबऱ्याच्या आत कधी गेलेले नव्हते. टेबलावरचा माझा कागद मी उचलला आणि म्हणाले, "हा माझा आहे. मी नेते." एवढंच. रस्त्यात मला सुचलेली दहा उत्तरं त्यानंतरची आहेत आणि ती मी कुणालाही दिली नाहीत.

त्या रात्री मला वाटलं, संपलं. शनिवारी सकाळी अव्वानं मला शाळेत पाठवलं. हेडमास्तर व्हरांड्यात उभं राहून टाक पुसत होते. मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी कागद घेतला, भिंतीवर टेकवून सही केली आणि शिक्का आणायला शिपायाला हाक मारली.

"वकिलाकडं कामून गेलीस?" ते म्हणाले. "तुझी चाल त्याला काय माहीत? तू बसलीस माझ्या वर्गात."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्याच्या आधी इतका संताप आला की मी आभार मानायचे विसरले. एवढं सोपं होतं ते! आम्ही त्यांच्या ओसरीवर हात जोडून उभे राहत होतो, अप्पा कागदाला हात लागला तर मळेल म्हणून धोतराला हात पुसत होते, आणि त्या सहीची गरजच नव्हती. त्यांना हे माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण साहेब वकील होते. कागद कसा वाचायचा हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत असणार.

ते दोन दिवस अव्वानं शिवणावरून मान वर केली नाही. तीच लुगडी, तेच धोतर, तोच परकर. वरही तेच, खालीही तेच. टाकेही या वेळी मोठे मोठेच घातले. वाचलेला दोरा संपला तेव्हा खालांनी आपला दिला. रविवारी दुपारी कडा पूर्ण झाल्या. अव्वानं पदराची गाठ सोडली, भाकरी कुस्करली आणि एकामागून एक कोपरे बंद करायला घेतले. तीन झाले. चौथ्याला तिनं सुई लावली तेव्हा मी म्हणाले, "अव्वा, उद्या सोमवार आहे की."

"शिवाला घाई न्हाई," ती म्हणाली. "लोकांना हाय."

चौथा घास घालून तिनं गाठ मारली आणि मला म्हणाली, "झोप."

"आत्ता? भर दुपारी?"

"आत्ताच. पाठ टेक."

अंगणात लिंबाच्या सावलीत वाकळ अंथरून तिनं मला तिच्यावर झोपवलं, आणि खालांना साक्षीदारासारखं शेजारी बसवलं. खालांनी वाकून विचारलं, "सो गई क्या गे मास्तरनी?" मी डोळे मिटून पडले होते. झोप कुठली यायला! भिंतीपलीकडून कुणी येतंय का, याकडं माझे कान होते.

कुणी आलं नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा वकिलीणबाईंच्या मागच्या अंगणात बंबाजवळ दस्तरखानाचा लाल तुकडा पडलेला दिसला, तापलेलं भांडं धरायला घेतलेला. काठावरची अक्षरं वाचता येत होती. हैदराबादच्या बाईंनी पुन्हा कधी वाकळीची चौकशी केली नाही, असं वकिलीणबाईंच्याच मोलकरणीनं सांगितलं. ज्या वस्तूसाठी हे सगळं झालं तिची त्यांना आठवणही नव्हती.

हल्ली बोर्डिंगात रोज वाद होतो, भाषेप्रमाणे नवी राज्यं होणार तेव्हा आमचे जिल्हे कुठल्या राज्यात जाणार म्हणून. मुली तावातावानं भांडतात. मी माझ्या खाटेवर पुस्तक घेऊन बसते. चौथ्या कोपऱ्यात अव्वानं जरा जास्तच मोठा घास घातला आहे. बाकीच्या तिन्हींपेक्षा तो टम्म फुगलेला आहे आणि झोपताना खांद्याला टोचतो. मुली म्हणतात, फिरवून घे ना, तो कोपरा पायाशी कर.

मी करत नाही.